एका दरवाज्याचे सात दोष

"मराठी विभागासाठी प्रेमकविता सोडून काहीही दे" असं संपादक मंडळातल्या आमच्या रूम पार्टनरने बजावलं, आणि माझी पंचाईत झाली. मला कविता येत नाहीत हे खरं, पण टेक्निकल लेख तरी कुठे येतात? मग आठवला आमच्या घरच्या मारुती ८०० चा डाव्या बाजूचा मागचा दरवाजा. रंगकामात जेवढे म्हणून दोष होऊ शकतात, त्यातले सात मी या एकाच दरवाज्यावर एकाच आठवड्यात करून दाखवले होते. सहा महिन्यांनी ते काढलेही. तर ते झाले कसे आणि गेले कसे, हे इथे सांगतो. ज्यांच्या घरी जुनी गाडी, स्कूटर किंवा गेलाबाजार एखादं लोखंडी कपाट आहे, त्यांच्या कामाला येईल.

पार्श्वभूमी

गाडी २००८ ची, बाबांनी सेकंडहॅंड घेतलेली, पांढरी. २०२३ च्या डिसेंबरात तिच्या नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होणार होती, म्हणजे पुन्हा आर.टी.ओ. तपासणी आली. इंजिन ठणठणीत होतं, पण मागच्या दरवाज्याचा खालचा काठ गंजून रंग पापुद्र्यासारखा सुटत होता. "पत्रा असा दिसला तर पासिंगला अडवतील," हा बाबांचा घोर. गाडी अडकली तर दुसरी घेणं जमणार नव्हतं. गॅरेजवाल्याने त्या बाजूच्या डेंटिंग-पेंटिंगचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मला माझं अख्ख्या सेमिस्टरचं मेस बिल आठवलं. मी छातीठोकपणे म्हणालो, "बाबा, मी करतो. मेकॅनिकलला आहे मी!" बाबांनी एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कर."

गाडीचा रंग तोच ठेवायचा होता, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न नव्हता. रंग बदलायचा असेल तर मात्र आर.सी. वर नोंद करावी लागते, हे लक्षात ठेवा.

कोणता रंग?

गॅरेजमध्ये आता बहुतेक ठिकाणी पी.यू. रंग मारतात. त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि रासायनिक क्रिया होऊन रंग कडक होतो. हा रंग टिकाऊ आणि चमकदार, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून काहीही उपयोग नाही. म्हणून घराच्या अंगणात पी.यू. चा फवारा मारायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. (त्या आठवड्यातला माझा हा एकमेव शहाणपणा.)

मी घेतला एन.सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग. हा फक्त थिनर उडून वाळतो. टिकायला पी.यू. पेक्षा कमी, चमक रबिंग करून आणावी लागते, पण शिकाऊ माणसाला सोयीचा. दहा-पंधरा मिनिटांत हाताला लागेनासा होतो, आणि चुकलं तर घासून पुन्हा मारता येतो. मात्र एन.सी. आणि त्याचा थिनर दोन्ही भयंकर ज्वालाग्राही. त्यामुळे काम उघड्यावर करायचं, आसपास गॅस, देवघरातला दिवा, बिडी-सिगारेट काही नको, आणि ऑर्गॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क लावायचा. थिनरची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, बाहेर पसरून वाळवायची.

गावातल्या फर्निचर पॉलिशवाल्या काकांकडून कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने आणली. जून महिना होता, सेमिस्टरची सुट्टी लागली होती आणि आभाळ भरून आलं होतं. पाऊस यायच्या आत उरकू म्हटलं. इथेच माशी शिंकली.

जूनमध्ये काय झालं

गंज तारेच्या ब्रशने घासला, पुट्टी (म्हणजे आपली लांबी) भरली, पाणी लावून वॉटर पेपरने मस्त गुळगुळीत केली, प्रायमर मारला आणि रंगाचे हात द्यायला सुरुवात केली. मग दोषांची मालिका सुरू झाली:

१. पहिल्याच हाताला एक डास येऊन चिकटला. सोबत धूळ होतीच.

२. दरवाज्याचा वरचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत वाळला.

३. ते बघून मी गन जवळ नेली आणि भरपूर रंग मारला. हॅंडलच्या खाली तीन ओघळ आले.

४. संध्याकाळी हवेत गारवा आला तसा रंग धुरकट, खडूसारखा झाला. चमक मेली.

५. मधोमध गोल-गोल खळगे पडले. प्रत्येक खळग्याच्या तळाशी प्रायमर दिसत होता. याला माशाचे डोळे म्हणतात.

६. मागच्या काठाला एका पट्ट्यात रंग चक्क सुरकुतला, उकळलेल्या दुधावरच्या साईसारखा.

७. आणि तीन आठवड्यांनी, मी हॉस्टेलवर परत आल्यावर, बाबांचा फोन आला: "अरे, खाली फोड आलेत."

मधल्या काळात मी जे उपाय केले ते ऐकून हसू नका. ओल्या ओघळावर थिनरचं फडकं फिरवलं. एन.सी. रंग वाळला तरी स्वतःच्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, त्यामुळे ओघळाबरोबर खालचे दोन हातही निघून आले आणि खड्डा पडला. माशाच्या डोळ्यांवर आणखी रंग ओतला, ते डोळे आणखी मोठे झाले. सुरकुत्यांवर पुट्टी भरली. सगळ्यावर अजून एक हात मारला. दरवाजा आता वेड्याच्या इस्पितळातून पळून आल्यासारखा दिसत होता. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तोच दरवाजा घेऊन रोज ऑफिसला जात राहिले, ते मला जास्त लागलं.

वर्कशॉपच्या मामांचा प्रश्न

सेमिस्टर सुरू झाल्यावर मी मोबाईलमधले फोटो वर्कशॉपच्या मामांना दाखवले. फर्स्ट इयरला त्यांनीच आम्हाला फाईलिंग शिकवलं होतं. मामांनी फोटो बाजूला सारला आणि विचारलं, "वर काय दिसतंय ते मला नको सांगू. खाली काय होतं ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण या लेखाचा सगळा सारांश त्या प्रश्नात आहे. दोष दिसतो वर, पण जन्मलेला असतो कुठल्या तरी एका थरात. तो ज्या थरात जन्मला तिथपर्यंत खाली जायचं, त्याच्या वर थांबायचं नाही आणि त्याच्या खालीही उगाच जायचं नाही. मी नेमकं उलटं केलं होतं. जो दोष वरवर घासून गेला असता तो मुळापासून उपटला, आणि ज्याचं मूळ पत्र्यात होतं त्यावर नुसता रंग फासला.

थर म्हणजे तरी किती जाडीची गोष्ट? कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. म्हणजे डोक्याचे एक-दोन केस शेजारी ठेवावेत एवढाच. त्यात तीन-चार थर. एवढ्याशा जागेत सगळं महाभारत घडतं.

वरच्या थरातले दोष : डास, साल, ओघळ, धुरकटपणा

या चारही दोषांत खालचं सगळं ठीक असतं, फक्त वरचा पृष्ठभाग बिघडलेला असतो. पहिला नियम: ओल्या रंगाला बोट लावायचं नाही. डास बसला तर बसू द्या. ओल्यात काढायला गेलात तर डासापेक्षा मोठा खड्डा पडतो. वाळल्यावर तो घासून निघतो.

आता साल आणि ओघळ. हे दोघे सख्खे भाऊ आहेत, आणि त्याचं कारण आपल्याच फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आहे. उभ्या भिंतीवरून खाली वाहणाऱ्या पातळ थराचं गणित आठवा: प्रवाह थराच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि व्हिस्कॉसिटीच्या व्यस्त प्रमाणात. हा झाला ओघळ. आता गंमत बघा. फवाऱ्याच्या थेंबांनी झालेले उंचवटे सपाट होतात ते सरफेस टेन्शनमुळे, आणि तो सपाट होण्याचा वेगही जाडीच्या घनाच्याच प्रमाणात असतो! म्हणजे थर सव्वापट जाड केला तर साल जाण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, पण ओघळण्याचा प्रवाहही तेवढाच वाढतो. मी जूनमध्ये सालीवर उपाय म्हणून जाड हात मारला आणि ओघळ आणले, ते असे नियमाप्रमाणेच आले.

मग सुटका कशात? त्याच सूत्रात आणखी एक गोष्ट आहे. उंचवट्यांमधलं अंतर निम्मं झालं तर ते सोळापट लवकर सपाट होतात, कारण तिथे अंतराचा चौथा घात येतो. म्हणून रंग जाड मारायचा नाही, बारीक फोडायचा. रंग योग्य पातळ करा (फोर्ड कप नंबर ४ मधून साधारण १८ ते २२ सेकंदात रिकामा व्हावा, आणि डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका), हवेचा दाब पुरेसा ठेवा, गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि पत्र्याला काटकोनात धरा. हात कमानीसारखा फिरवायचा नाही, सरळ न्यायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर मारू नका, थिनर वाटेतच उडतो आणि साल पडते.

झालेली साल किंवा ओघळ काढायचा तर किमान आठवडाभर थांबा. ओघळाभोवती पेन्सिलने खूण करा. वॉटर पेपर सपाट गुटक्यावर गुंडाळून फक्त ओघळावर चालवा. मी नवं खोडरबर वापरलं, ड्रॉइंग हॉलनंतर प्रथमच त्याचा उपयोग झाला. नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांखाली चर पडतात. आधी १००० नंबर, मग १५००, मग २०००, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून. शेवटी रबिंग कंपाउंड.

धुरकटपणाचं कारण थर्मोडायनॅमिक्समधलं. थिनर उडताना उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेत दवबिंदूच्या खाली जातो. मग हवेतलं पाणी ओल्या रंगावर साचतं. पावसाळ्यात एन.सी. रंगाला हे हमखास होतं. उपाय म्हणजे हवा कोरडी असताना सावकाश उडणाऱ्या थिनरचा (दुकानात रिटार्डर म्हणून मागा) अगदी हलका फवारा, किंवा वाळल्यावर रबिंग. खरा उपाय अर्थातच पावसाळ्यात हे काम न काढणं.

मधल्या थरातले दोष : माशाचे डोळे, सुरकुत्या

इथे वरून घासून भागत नाही, कारण बिघाड रंगाच्या खाली असतो.

माशाचे डोळे पडतात ते तेल, मेण किंवा सिलिकॉनमुळे. ज्या ठिकाणी सिलिकॉनचा अंश असतो तिथलं सरफेस टेन्शन कमी पडतं आणि रंग तिथून ओढला जाऊन बाजूला जातो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा अंशही पुरतो. आमच्याकडे तो कुठून आला याचा शोध लागला तेव्हा मला बाबांना सांगायचा धीर झाला नाही. रंगकामाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी उत्साहाने टायर आणि डॅशबोर्डला पॉलिश मारलं होतं, आणि त्याच फडक्याने जाता-जाता दरवाजाही चमकवला होता. मुलगा गाडी रंगवणार म्हणून!

डोळे दिसले की तिथेच थांबा. वाळू द्या, प्रायमरपर्यंत घासा. मग ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने दोन फडकी घेऊन पुसा: एक ओलं, आणि ते वाळायच्या आत पुसून घ्यायला दुसरं कोरडं. एकच फडकं वापरलं तर तेल नुसतं पसरतं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही रोज सोडा, पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल पाईपमधून गनपर्यंत येतं. सॅंडिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा पुसायचं. आधी पुसलं नाही तर पेपर ते तेल पत्र्यात घोटून बसवतो.

सुरकुत्यांची गोष्ट वेगळी. आधीच्या मालकाने दरवाज्याच्या त्या पट्ट्यात कधीतरी साधा सिंथेटिक इनॅमल ब्रशने मारला होता. एन.सी. चा तीव्र थिनर त्यात शिरला, जुना रंग फुगला, पत्र्यावरून सुटला आणि सुरकुतला. यावर पुट्टी भरणं म्हणजे गादीवर फरशी बसवणं. तो पट्टा पूर्ण खरवडून काढणे हाच मार्ग. पण हे आधी कळू शकतं. थिनरमध्ये भिजवलेला कापूस दरवाज्याच्या नजरेआड भागावर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवा. कारखान्याचा भट्टीत भाजलेला रंग जसाच्या तसा राहतो. फुगला, सुरकुतला तर समजा खाली इनॅमल आहे. नुसताच विरघळून कापसाला आला तर एन.सी. असू शकतो. दोन मिनिटांची ही चाचणी मी केली असती तर माझा अर्धा जून वाचला असता.

तळाचा दोष : फोड

सातवा दोष सगळ्यात उशिरा दिसला आणि सगळ्यात खोल होता. त्याला दोन कारणं होती, दोन्ही माझी.

एक, गंज पूर्ण काढला नव्हता. तारेच्या ब्रशने वरचा पापुद्रा जातो, पत्र्याच्या खळग्यांतला काळा गंज तसाच राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वाढताना वरचा रंग उचलतो. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत ८० नंबरने घासायला हवा, आणि त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर लावायला हवा. दमट हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस छटा येते.

दोन, मी पुट्टी पाण्याने घासली. पॉलिस्टर पुट्टीत भरपूर टाल्क असतं, ती पाणी शोषून घेते. ते पाणी प्रायमरखाली कोंडलं, आणि उन्हात दरवाजा तापल्यावर त्याने फोड आणले. पुट्टी नेहमी कोरडी घासायची, मास्क लावून. हार्डनर १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम. "लवकर वाळू दे" म्हणून जास्त घातला तर वरच्या रंगात डाग उतरू शकतात. कालवताना फेटायची नाही, दाबून-दाबून मिसळायची, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

फोडांना उपाय एकच: पत्र्यापर्यंत जा. फोड फोडून वरून पुट्टी लावणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याचं आमंत्रण.

डिसेंबर

परीक्षा संपली त्याच रात्रीची एस.टी. पकडली. पासिंगला १२ दिवस होते. या वेळी दरवाज्यावर खडूने नकाशा काढला: इथे वरचा थर, इथे मधला, इथे पत्रा. पहिले चार दिवस रंगाचा डबा उघडलाही नाही, फक्त खरवडणे, घासणे, पुसणे. ८० नंतर १८०, मग ३२०, मग ६००. मधला नंबर गाळला की आधीच्या पेपरचे ओरखडे रंगातून डोकं वर काढतात. अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली. सकाळचं दव जाऊ दिलं आणि ११ ते ३ याच वेळात रंग मारला, सगळा दरवाजा फटीपासून फटीपर्यंत. जुना पांढरा जरा पिवळसर झालेला असतो, मधेच ठिगळ मारलं तर ते उठून दिसतं. दोन हातांमध्ये घड्याळ लावून १५ मिनिटं थांबलो. सगळ्यात कठीण काम तेच होतं.

आठवडाही पुरता झाला नव्हता, तरी रबिंग काढलं. पासिंगची तारीख डोक्यात होती. दरवाज्याच्या मधल्या घडीच्या कडेवर रंग नेहमीच पातळ बसतो, तिथे रबिंगआधी मास्किंग टेप लावायची असते हे मला माहीत होतं. माहीत असून लावली नाही. बोटभर लांबीची करडी रेघ उघडी पडली. आठवा दोष! तो मी बारीक ब्रशने झाकला आणि कोणाला बोललो नाही.

गाडी पास झाली. तपासणी अधिकाऱ्याने त्या दरवाज्याकडे दोनदा बघितलंसुद्धा नाही, आणि रंगकामात याहून मोठी पावती नाही. परत येताना बाबांनी घराजवळ गाडी थांबवली, उतरून दरवाज्याच्या त्या घडीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथे घाई केलीस."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी कबूल केलं. मग हिय्या करून पॉलिशच्या फडक्याचीही गोष्ट सांगितली. ते इतके हसले की शेजारचे काका बाहेर आले.

तर मंडळी, दोष झाला तर घाबरू नका. फक्त डबा उघडण्याआधी मामांचा प्रश्न स्वतःला विचारा: खाली काय होतं? आणि पावसाळ्यात हे उद्योग करू नका. सबमिशन्स काय कमी असतात का!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी